एका देशाचं नॉलेज ट्रान्सफर

आमच्या धंद्यात 'केटी' हा शब्द दिवसातून चार वेळा कानावर पडतो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जुनी टीम जाणार, नवी येणार आणि मधल्या पाच-सहा आठवड्यांत जुन्यांच्या डोक्यातलं सगळं नव्यांच्या डोक्यात उतरवायचं. प्रत्यक्षात किती उतरतं, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता कल्पना करा, की हा प्रोजेक्ट एखाद्या बँकेचा किंवा विमा कंपनीचा नाही, तर एका अख्ख्या देशाचा आहे. करवसुली, रस्ते, शाळा, कोर्टं, बंदरं सगळं चालू ठेवून चालवणारी माणसं बदलायची आहेत. रविवारी पहाटे दोन तास सिस्टिम बंद ठेवायची सोयसुद्धा नाही. आणि जाणाऱ्या टीमने येणाऱ्या टीमला मोठ्या खुर्च्यांपासून आजवर लांबच ठेवलेलं आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशात हेच झालं. ६ मार्च १९५७ ला हा देश स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडे स्वतंत्र झालेली ही पहिली ब्रिटिश वसाहत. त्याआधी तिचं नाव होतं गोल्ड कोस्ट. गेले काही शनिवार-रविवार मी या देशातली सरकारी नोकरशाही कशी घडली, तिला कोणी शिकवलं, कोणी पैसे दिले आणि पुढे काय झालं ते वाचत बसलोय. विषय ऐकायला रुक्ष आहे, मान्य. पण जरा धीर धरा.

सुरुवात आपल्यापासून करू, म्हणजे अंदाज येईल. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. साल १८६३. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले तेव्हा आयसीएसमधले जवळपास निम्मे अधिकारी भारतीय होते. म्हणजे पहिल्या माणसापासून स्वातंत्र्यापर्यंत आपल्याला ८४ वर्षं मिळाली. (मिळाली म्हणजे काय, भांडून घेतली.) गोल्ड कोस्टच्या जिल्हा प्रशासनात पहिल्या दोन आफ्रिकी अधिकाऱ्यांची नेमणूक झाली १९४२ मध्ये. तिथून स्वातंत्र्य फक्त १५ वर्षांवर होतं!

त्या दोघांची नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक ए. एल. अडू आणि दुसरे कोफी बुसिया. अडू केंब्रिजला विज्ञान शिकून आलेले, अचिमोटाच्या शाळेत शिक्षक होते. बुसिया पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच्याही पुढे देशाचे पंतप्रधान.

१९४२ पर्यंत वाट का पाहावी लागली? लायक माणसं नव्हती असं नाही. एकोणिसाव्या शतकात काही आफ्रिकी माणसं तिथे चांगल्या पदांवर पोचलीही होती. नंतर दार बंद झालं. १९०२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींसाठी एकत्र वैद्यकीय सेवा तयार झाली, तेव्हा युरोपीय वंशाचे डॉक्टरच घ्यायचे असा नियमच केला गेला. म्हणजे लंडनहून किंवा एडिंबरोहून पदवी घेऊन आलेला काळा डॉक्टर त्याच्याच गावात या सेवेत बसत नव्हता.

मधे एक गव्हर्नर येऊन गेला, गगिसबर्ग नावाचा (१९१९ ते १९२७). पेशाने लष्करी इंजिनीअर आणि सर्वेयर. त्याने ताकोराडीचं बंदर बांधायला घेतलं, कोर्ले बू हॉस्पिटल उभं केलं, अचिमोटाची संस्था उघडली. वरच्या सरकारी पदांवर टप्प्याटप्प्याने आफ्रिकी माणसं आणायची असा वीस वर्षांचा आराखडाही त्याने केला. इंजिनीअर माणूस, साल आणि आकड्यांसकट तक्ता मांडला. पण तो गेला, मागून जागतिक मंदी आली आणि तक्ता बासनात गेला. पाठीराखा मॅनेजर बदलला की रोडमॅपचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

मग १९४८ उजाडलं. फेब्रुवारीत राजधानी आक्रामध्ये माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला, दंगली पेटल्या. त्यानंतर चक्रं भराभर फिरली. १९५१ च्या निवडणुकीत क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असतानाच निवडून आले आणि तुरुंगातून निघून थेट सरकारचे नेते झाले. समोर प्रश्न होता, की हे सरकार चालवायचं कोणी? वरिष्ठ पदांवर गोऱ्यांचंच प्रचंड बहुमत होतं. पक्षाचे कार्यकर्ते म्हणत होते, हाकला यांना. एन्क्रुमांनी तसं केलं नाही. सगळे ब्रिटिश एकदम गेले तर गाडा बसेल, हे त्यांनी ओळखलं. उलट ब्रिटिश अधिकारी थोडं थांबावेत म्हणून त्यांनी खटपट केली आणि त्यासाठी स्वपक्षीयांचे बोल खाल्ले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ज्यांना जायचंय त्यांना नुकसानभरपाई देऊन जाऊ देण्याची योजना आली. आपल्याकडच्या व्हीआरएससारखीच. आणि तिचा जो परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांनी राहावं असं वाटत होतं त्यांतलेही पुष्कळ जण पैसे घेऊन गेले.

याच काळात अडू आफ्रिकीकरण आयुक्त होते. कामाचं नाव भारदस्त असलं तरी स्वरूप आपल्या ओळखीचं आहे. कुठल्या खुर्चीवर आज कोण आहे, तो कधी जाणार, त्याच्या जागी कोण येऊ शकेल, त्या माणसाला तोवर काय शिकवावं लागेल, शिष्यवृत्ती कोण देईल. दोन्हीकडून शिव्या खाण्याचं काम. राष्ट्रवादी म्हणणार फार हळू चाललंय, ब्रिटिश म्हणणार फार घाई होतेय. तरी १९५७ पर्यंत वरिष्ठ पदांपैकी निम्म्याहून जास्त पदांवर आफ्रिकी माणसं बसलेली होती. इतक्या थोड्या वर्षांत, एक दिवस गाडा बंद न पाडता. मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

आता आंतरराष्ट्रीय मदतीकडे वळू. सुरुवातीची मदत अर्थातच ब्रिटनची. वसाहतींमध्ये पाठवायच्या अधिकाऱ्यांसाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडनला जे अभ्यासक्रम होते, त्यांतच आता गोल्ड कोस्टची मुलंही जाऊ लागली. जी शाळा राज्यकर्ते घडवायला काढली होती, तिथेच त्यांच्या जागी बसणारे शिकले. १९५३ मध्ये आक्रामध्ये सिव्हिल सर्व्हिस ट्रेनिंग सेंटर सुरू झालं.

दुसरा भिडू आला संयुक्त राष्ट्रसंघ. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या डोक्यात १९५६ पासून एक कल्पना घोळत होती. नव्या देशांना नुसते सल्लागार पाठवून भागत नाही, प्रत्यक्ष खुर्चीत बसून काम करणारी माणसं द्यायला हवीत, आणि ती माणसं त्या देशाच्या सरकारला बांधील हवीत. १९५८ मध्ये ओपेक्स या नावाने हा कार्यक्रम सुरू झाला. आजच्या भाषेत कन्सल्टंट न पाठवता डेप्युटेशनवर इंजिनीअर पाठवणं. त्याच वर्षी स्पेशल फंड नावाचा निधी स्थापन झाला. त्याचे प्रमुख पॉल हॉफमन, म्हणजे ज्यांनी युरोपात मार्शल प्लॅन राबवला तेच. (हा निधी पुढे यूएनडीपीमध्ये विलीन झाला.)

या स्पेशल फंडाच्या आणि घाना सरकारच्या भागीदारीतून १९६१ मध्ये आक्राच्या अचिमोटा भागात एक संस्था उभी राहिली, इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. आजची जिम्पा. आपल्या पुण्यातली यशदा डोळ्यासमोर आणा, साधारण तशी. पद्धत अशी, की परदेशी तज्ज्ञ, परदेशातल्या शिष्यवृत्त्या आणि साधनसामग्री फंडाकडून. जागा, इमारत आणि स्थानिक माणसं सरकारकडून. प्रत्येक परदेशी तज्ज्ञाच्या जोडीला एक स्थानिक 'काउंटरपार्ट' असायचा. तज्ज्ञ दोन-तीन वर्षांत जाणार, तोवर काउंटरपार्टने सगळं शिकून घ्यायचं. कागदावर झकास. फक्त त्या काळातल्या अशा प्रकल्पांमध्ये जगभर एक गंमत व्हायची. तज्ज्ञ येऊन दाखल व्हायचा तेव्हा त्याचा काउंटरपार्ट नेमका शिष्यवृत्तीवर परदेशात गेलेला असायचा!

एक छोटंसं विषयांतर. व्होल्टा नदीवरच्या धरणाची पूर्वतयारी करायला १९५३ मध्ये रॉबर्ट जॅक्सन नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ गोल्ड कोस्टला आले आणि पुढे कितीतरी वर्षं घानाच्या विकासकामात गुंतले. याच जॅक्सननी १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदत यंत्रणेवर एक जाडजूड अहवाल लिहिला. त्यात त्यांनी या यंत्रणेला प्रागैतिहासिक अजस्र प्राण्याची उपमा दिली होती. देशाला काय हवंय यापेक्षा एजन्सीला काय विकायचंय यावर प्रकल्प ठरतात, हे त्यांचं मुख्य दुखणं. मदत घेणाऱ्याच्या बाजूला बसून काम केलेल्या माणसाने ते लिहिलं होतं, म्हणून त्याला वजन.

असो. तर माणसं शिकत होती आणि चांगली शिकत होती. किती चांगली? १९५७ ते १९५९ या काळात घानाच्या आस्थापना विभागाचे सचिव होते रॉबर्ट गार्डिनर. तिथून ते संयुक्त राष्ट्रसंघात गेले. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला तेव्हा तिथे पदवीधर तीससुद्धा नव्हते. बेल्जियमने केटी दिलीच नव्हती. काही दिवसांत सैन्यात बंड झालं, बेल्जियन अधिकारी पळाले, देश फुटायला लागला. त्या काँगोमधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेची सूत्रं १९६२ मध्ये गार्डिनर यांच्याकडे आली. नंतर बरीच वर्षं त्यांनी आफ्रिकेच्या आर्थिक आयोगाचं काम पाहिलं. अडूंचंही तेच. देशाच्या नोकरशाहीचं प्रमुखपद सांभाळून झाल्यावर ते १९६२ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले. केनिया, युगांडा आणि टांगानिकाच्या सामाईक सेवा चालवणाऱ्या संस्थेचे ते सरचिटणीस झाले. मग ते राष्ट्रकुल सचिवालयात उपमहासचिव होते. नव्या देशांतल्या नागरी सेवेवर पुस्तकंही लिहिली. म्हणजे मदत घेणारा देश पाच वर्षांत इतर देशांना माणसं पुरवायला लागला होता.

हे वाचताना मी आधी खूश झालो आणि मग एक प्रश्न छळायला लागला. इतकी गुणी माणसं घानातच का थांबली नाहीत?

उत्तराचा एक धागा आर्थर लुईस यांच्याकडे सापडतो. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचा हा अर्थतज्ज्ञ, पुढे १९७९ मध्ये नोबेल मिळालेला. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने ते एन्क्रुमांचे आर्थिक सल्लागार म्हणून आक्राला आले. १९५८ संपता संपता निघून गेले. खर्चाचं गणित मांडणं त्यांचं काम, आणि कुठले प्रकल्प करायचे ते राजकारणावर ठरत होतं. दोघांचं जमेना. लुईस परत जाऊ शकत होते, कारण ते पाहुणे होते. घानाचा अधिकारी कुठे जाणार?

१९६० मध्ये घाना प्रजासत्ताक झाला. नव्या घटनेने सरकारी नोकरांच्या नेमणुका, बढत्या आणि बडतर्फी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिल्या. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा १९५८ पासून होताच. १९६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अचिमोटाला प्रशासनाची संस्था उघडली त्याच वर्षी, विनेबा या किनाऱ्यावरच्या गावात दुसरी एक शाळा सुरू झाली, क्वामे एन्क्रुमा आयडिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट. एका शाळेत शिकवायचे, की फाइलवर जे खरं आहे ते लिहा, मंत्री कुठल्याही पक्षाचा असो. दुसरीत शिकवायचे, की पक्ष म्हणजेच राष्ट्र. दोन्ही शाळांना सरकारचाच आशीर्वाद. अशा वेळी अधिकाऱ्याने फाइलवर 'हे परवडणार नाही' असं लिहावं की न लिहावं? बाहेरून बोलावणं आलेल्या हुशार माणसाने जावं की थांबावं?

इथे एन्क्रुमांना खलनायक ठरवून विषय संपवता आला असता, पण इतिहास तसा सोपा नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने त्यांना उलथवलं, विनेबाची शाळा बंद पडली. १९६९ मध्ये निवडणुका होऊन पंतप्रधान झाले कोफी बुसिया. १९४२ च्या त्या पहिल्या दोघांपैकी दुसरे! नागरी सेवा म्हणजे काय हे ज्यांनी आतून पाहिलं, ज्यांनी एकाधिकारशाहीला विरोध करून परदेशात दिवस काढले, असे विद्वान गृहस्थ. त्यांच्या सरकारने १९७० च्या सुरुवातीला ५६८ सरकारी नोकरांना एका फटक्यात घरी पाठवलं. कारण नाही, चौकशी नाही. चंद्रावर यान नुकतं जाऊन आलेलं होतं, त्यामुळे लोकांनी या प्रकरणाचं नाव ठेवलं 'अपोलो ५६८'.

त्यातले एक, सरकारी व्यापार महामंडळातले व्यवस्थापक सल्लाह, कोर्टात गेले. सरकार म्हणालं, नव्या घटनेच्या संक्रमण तरतुदींनुसार लष्करी राजवटीत स्थापन झालेली पदं संपली, म्हणून यांची नोकरीही संपली. कोर्टाने विचारलं, हे पद लष्करी राजवटीने स्थापन केलं होतं का? नव्हतं, महामंडळ आधीचंच होतं. सल्लाह जिंकले. त्यावर बुसियांनी जाहीर भाषणात सांगितलं, की कोणाला नोकरीवर ठेवा अशी सक्ती कुठलंही कोर्ट सरकारवर करू शकत नाही. घानाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकावा लागतो.

इथे मला या सगळ्या कथेचं मर्म दिसतं. फाइल कशी लिहावी, अंदाजपत्रक कसं मांडावं, टेंडर कसं काढावं, हे लंडन शिकवू शकतं, न्यूयॉर्क पैसे देऊ शकतं. पण खरं लिहिल्याबद्दल उद्या नोकरी जाणार नाही, ही खात्री कुठल्याही देणगीदाराच्या पॅकेजमध्ये येत नाही. ती त्या देशानेच द्यावी लागते. आणि ती नसेल तर प्रशिक्षण म्हणजे नोकरी बदलण्याची तयारी ठरते. कौशल्य जितकं चांगलं, तितका माणूस लवकर जातो.

कोफी अन्नान यांचंच बघा. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकेत शिकले, १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत लागले. १९७४ मध्ये घानाच्या पर्यटन विकास कंपनीचे प्रमुख म्हणून ते मायदेशी परतले. देशात लष्कराचं राज्य होतं. दोन वर्षांत कंटाळून परत संयुक्त राष्ट्रसंघात गेले, आणि तिथे कुठवर पोचले ते आपल्याला ठाऊक आहे. जगाला एक सरचिटणीस मिळाला. घानाला पर्यटनाचा एक चांगला अधिकारी मिळाला नाही, ही या गोष्टीची दुसरी बाजू.

अन्नान नाव झालं म्हणून कळलं. बाकी हजारोंचं कळत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महागाई शंभर टक्क्यांच्या वर गेली, पगाराला अर्थ उरला नाही. शिक्षक, डॉक्टर, अकाउंटंट तेलाच्या पैशावर तेजीत असलेल्या नायजेरियाकडे निघाले. १९८३ मध्ये दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी नायजेरियाने लाखो घानावासीयांना परत हाकललं. मग जागतिक बँक आणि नाणेनिधी आले. आता आंतरराष्ट्रीय मदतीचा सूर बदलला होता. १९६१ मध्ये प्रश्न होता माणसं कशी वाढवायची, १९८७ पासून प्रश्न झाला कमी कशी करायची. हजारो सरकारी नोकर घरी गेले.

जिम्पा या सगळ्यातून टिकली. चार लष्करी बंडं, महागाई, कपात, सगळं बघून. पण २००१ पासून तिला सरकारी अनुदानाशिवाय स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं आणि २००४ च्या कायद्याने तिला विद्यापीठासारखं रूप आलं. आता तिथे एमबीए मिळतं, कायद्याची पदवी मिळते. संस्था म्हणून हे यश आहे आणि ते मी नाकारत नाही. फक्त फी भरणारा विद्यार्थी वेगळा असतो आणि एखाद्या लांबच्या जिल्ह्यातला अव्वल कारकून वेगळा. त्याच्यासाठी १९५३ चं ते जुनं ट्रेनिंग सेंटर अजून आहे. २००७ च्या सुमारास जपानच्या जायका या संस्थेने त्याला बळ द्यायचा प्रकल्प हाती घेतला.

आणि आपणही या कथेत आहोत बरं का. २००३ मध्ये भारत आणि घाना सरकारांनी मिळून आक्रामध्ये माहिती तंत्रज्ञानाचं एक केंद्र काढलं. नाव कोफी अन्नान यांचंच. त्याच्या उभारणीत आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा हात होता. घानाचे सरकारी अधिकारी भारताच्या आयटेक योजनेखाली इकडे प्रशिक्षणाला येतात, ही योजना १९६४ पासून चालू आहे. म्हणजे केटी देणाऱ्याच्या खुर्चीत आता आपण बसतो. अशा वेळी किती लोकांना शिकवलं हा आकडा अहवालात छापायला सोपा असतो. त्यातले पाच वर्षांनी त्याच कामावर किती होते आणि त्यांना ते काम करू दिलं गेलं का, हा आकडा गोळा करायचा तर शिकवणाऱ्याला परत तिथे जाऊन विचारावं लागतं.

एक चांगली गोष्ट सांगून थांबतो. घानाची सध्याची घटना १९९२ ची आहे. तिच्या १९१ व्या अनुच्छेदात लिहिलंय, की घटनेप्रमाणे इमानाने काम केल्याबद्दल सरकारी नोकराचा छळ करता येणार नाही आणि योग्य कारणाशिवाय त्याला काढता किंवा खाली उतरवता येणार नाही. घटनेत लिहिलं म्हणजे लगेच पाळलं जातं असं नाही, हे भारतीय माणसाला कोणी सांगायला नको. पण तेव्हापासून घानात निवडणुकीने सत्ता पुन्हा पुन्हा बदलली आहे, २००१, २००९, २०१७ आणि २०२५ मध्ये. दर वेळी नवा मंत्री ऑफिसात येतो, तेव्हा टेबलापलीकडे जुन्या मंत्र्याच्याच फाइली सांभाळणारा कोणीतरी उभा असतो. त्याने आता काय लिहायचं, ते त्याला कोणी शिकवलं यापेक्षा १९१ वर त्याचा किती विश्वास आहे यावर जास्त ठरतं.